वाहतुकीच्या खटल्यांचे न्यायाधीश आणि त्यांची पेन्शन

ए-१०४ : सर्वांना नमस्कार. दोन जुन्या चलनांपायी काल माझा अर्धा दिवस मोटार वाहन न्यायालयात गेला. पाच मिनिटांत दंड सांगणाऱ्या या न्यायाधीशांना आयुष्यभर पेन्शन मिळते आणि ती आपल्याच दंडातून जाते, हे मला पटत नाही. सोसायटीच्या मागच्या सभेतही मी हे बोललो होतो, तेव्हा विषय बदलण्यात आला.

बी-३०५ : चलने चिरंजीवांच्या गाडीची होती, हे साऱ्या विंगेला ठाऊक आहे. राग न्यायाधीशांवर कशाला?

ए-१०४ : गाडी कोणाची हा प्रश्न नाही. आपल्या दंडातून पेन्शन जाते, हा मूळ प्रश्न आहे.

सी-६०१ : न्यायालयाच्या आस्थापना शाखेत माझी ३१ वर्षे गेली, म्हणून लिहितो. वाहतुकीच्या न्यायाधीशांचा वेगळा संवर्ग आपल्याकडे नाही. तिथे बसणारे बहुधा दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर व न्यायदंडाधिकारी प्रथम वर्ग असतात, आज चलने तर बदलीनंतर वारसाचे दावे ऐकतात, आणि त्यांची पेन्शन न्यायिक सेवेची असते. दंड राज्याच्या तिजोरीत जमा होतो. किती दंड वसूल झाला यावर कोणाची पेन्शन एका रुपयानेही वाढत नाही, आणि वाढूही नये, कारण तसे झाले तर दंड ठोठावणाऱ्याचाच त्यात स्वार्थ निर्माण होईल. किरकोळ खटल्यांसाठी नेमले जाणारे विशेष न्यायदंडाधिकारी मात्र निराळे. सरकारी पदावर असलेल्या किंवा राहिलेल्या व्यक्तीची ती नेमणूक एका वेळी जास्तीत जास्त एक वर्षाची असते आणि तिच्यावर पेन्शन उभी राहत नाही.

बी-३०५ : काका, मग निवृत्तीचे वय ६२ ना?

सी-६०१ : नाही, ६२ उच्च न्यायालयाचे. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली जिल्हा न्यायपालिकेसाठी देशभर ५८ चे ६० करण्यास सांगितले. १९९३ मध्ये मात्र स्पष्ट केले की ही दोन वर्षे आपोआप मिळणार नाहीत आणि ५८ व्या वर्षापूर्वी उच्च न्यायालय प्रत्येकाचे काम तपासेल. न्यायाधीशांच्या वेतनासाठी नेमलेल्या शेट्टी आयोगाने ६२ सुचवले होते. उच्च न्यायालयाचे वयही तेच असल्यामुळे २००२ साली ते नाकारले गेले.

ए-१०४ : वय काही असो, आपल्या दंडातून पेन्शन जाते हा माझा मुद्दा कायम आहे.

सचिव : त्याचे उत्तर वर आले आहे. कृपया सर्वांनी संयम ठेवावा.

डी-२०३ : मी या ग्रुपवर सहसा लिहीत नाही, पण आज राहवत नाही. माझा भाऊ २०१४ पासून न्यायदंडाधिकारी आहे आणि दीड वर्ष त्याने वाहतुकीचेच खटले चालवले. १ नोव्हेंबर २००५ नंतर रुजू झाल्यामुळे त्याला जुनी पेन्शन नाही. मूळ वेतन आणि महागाई भत्त्याचे दहा टक्के दरमहा कापले जातात, सरकार चौदा टक्के घालते, आणि निवृत्तीला साठलेल्या रकमेपैकी किमान चाळीस टक्क्यांची वार्षिकी, म्हणजे ठरावीक रक्कम नियमित देणारी योजना, घ्यावी लागते. ज्यांना सेवेत असताना वकिली करता येत नाही आणि कोणाकडे मोकळेपणाने जेवायलाही जाता येत नाही, त्यांच्या म्हातारपणावर आपण इतक्या सहज बोलतो याचे वाईट वाटते.

ए-१०४ : ताई, तुमच्या भावाबद्दल मी काहीही बोललेलो नाही.

डी-२०३ : काका, "या न्यायाधीशांना" असे लिहिलेत, त्यात तोही आला.

एफ-४०२ : मग गेल्या वर्षी पेपरात आले होते ते काय? साडेतेरा लाख!

सी-६०१ : तो मे २०२५ चा निकाल उच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायाधीशांचा होता. त्यांना वर्षाला साडेतेरा लाख व मुख्य न्यायमूर्तींना पंधरा लाख मूळ पेन्शन ठरली, आणि सेवेत नव्या पेन्शन योजनेखाली (ताईंनी वर सांगितलेली, बाजारावर अवलंबून असलेली) आलेला असला तरी फरक करायचा नाही असेही ठरले. खालच्या न्यायालयांना तो लागू नाही. त्यांच्यासाठी न्यायमूर्ती वेंकटराम रेड्डी यांच्या वेतन आयोगाने नवी योजना नको अशी शिफारस केली होती, पण २०२३ च्या निकालात तो मुद्दा स्वतंत्र सुनावणीसाठी ठेवला गेला. एकाच व्यवस्थेतल्या वरच्याला संरक्षण आणि खालच्याला बाजाराचा भाव, हे मला अन्यायाचे वाटते.

ए-१०४ : ताई, दंडाचे मला माहीत नव्हते, शब्द मागे घेतो. पण फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने जुन्या पेन्शनचा पर्याय दिला होता ना? तो भावाने घेतला नाही का?

डी-२०३ : तो पर्याय, पदाची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ पूर्वी निघाली होती आणि नेमणूक नंतर झाली, अशांसाठी होता, काका. याची जाहिरात २०१३ ची.