हकीम म्हणतात ती 'रूह' आणि सूफींची 'रूह' एकच का?

रानजाई:
नमस्कार मंडळी, जरा गोंधळात आहे म्हणून विचारतेय. बाबा रिटायर झाल्यापासून त्यांना अधूनमधून छातीत धडधड होते, घास गिळवत नाही, रात्री झोप नाही. ईसीजी, इको सगळं करून झालं, हार्टच्या डॉक्टरांनी हृदय ठणठणीत आहे म्हणून सांगितलं. मग बाबांचे एक जुने मित्र त्यांना त्यांच्या ओळखीच्या हकीमसाहेबांकडे घेऊन गेले. त्यांनी बराच वेळ मनगटावर चार बोटं ठेवून नाडी बघितली आणि म्हणाले, "रूह कमजोर हो गई है, फिक्र दिल में बैठ गई है." एक खमीरा दिलाय, सकाळी चमचाभर घ्यायला. आता भाऊ चिडलाय, तो म्हणतो रूह म्हणजे आत्मा, म्हणजे हे दर्ग्यातल्या दुआ-ताविजासारखंच काहीतरी झालं, याला औषध का म्हणायचं? मी सूफींबद्दल थोडंफार वाचलंय, तिथेही रूह, कल्ब (हृदय), नफ्स (मन, मीपण) हेच शब्द सारखे येतात, त्यामुळे मलाही नीट उत्तर देता आलं नाही. हकीम आणि सूफी एकाच गोष्टीबद्दल बोलतात का?

नब्ज:
ताई, मी बीयूएमएस (युनानी म्हणजे हकिमी वैद्यकाची पदवी) करून आता इंटर्नशिप करतेय, त्यामुळे हकिमीच्या बाजूने सांगते. एकच नाही. युनानीत रूह ही शरीरातलीच वस्तू मानतात. अन्नापासून यकृतात चार अखलात म्हणजे शरीरातले द्रव तयार होतात, दम म्हणजे रक्त, बलगम म्हणजे कफ, सफरा म्हणजे पिवळं पित्त आणि सौदा म्हणजे काळं पित्त. यांचा जो अगदी सूक्ष्म, वाफेसारखा भाग असतो तो हृदयात श्वासातल्या हवेशी मिळून रूह बनते आणि धमन्यांतून अंगभर फिरते असं जुने हकीम मानायचे. हृदयातली ती हैवानी, मेंदूतली नफ्सानी, यकृतातली तबई. इब्न नफीस (१३व्या शतकातले, फुप्फुसातून होणारं रक्ताभिसरण ज्यांनी पहिल्यांदा मांडलं ते) तर स्वच्छ लिहितात की धर्मग्रंथात जिला रूह म्हणतात ती आम्हाला इथे अभिप्रेत नाही. आजच्या शरीरशास्त्रात अशी वाफ कुठे नाही हे मी नाकारत नाही, पण हकीमसाहेब ताविजाची भाषा बोलत नव्हते, भावाला हे नक्की सांगा.

आणि फिक्रचं म्हणाल तर ते आमच्या सिलॅबसमधलंच आहे. तब्येत राखणाऱ्या आणि बिघडवणाऱ्या सहा गोष्टी शिकवतात, अस्बाब-ए-सित्ता जरूरिया: हवा, खाणंपिणं, शरीराची हालचाल नि आराम, मनाची हालचाल नि आराम, झोप-जाग, आणि शरीरातून काय बाहेर पडतं काय अडतं ते. राग, दुःख, भीती, आनंद हे सगळं चौथ्यात. प्रसिद्ध हकीम आणि तत्त्वज्ञ इब्न सीनाने (९८० ते १०३७) हृदयाच्या औषधांवर वेगळी पुस्तिकाच लिहिलीय आणि त्यात आनंदाचा नि खिन्नतेचा संबंध हृदयातल्या रूहशी लावलाय, मन प्रसन्न करणाऱ्या औषधांना म्हणूनच मुफर्रेह म्हणतात. एक मात्र विचारून घ्या, खमीरा साखरेच्या पाकात घोटून घोटून करतात, बाबांना शुगर असेल तर हकीमसाहेबांना आधी सांगा, त्यात कुश्ता म्हणजे धातूचं भस्म आहे का तेही विचारा, आणि हार्टच्या डॉक्टरांनाही कळवा.

कोकणवारा:
मग ही रूह म्हणजे आपल्या आयुर्वेदातला प्राणच झाला की.

नब्ज:
जवळचं वाटतं खरं पण सरळ बरोबरीचं चिन्ह नका टाकू. वात-पित्त-कफ तीन, इथे चार, त्यात रक्तही एक, आणि सगळी मांडणी ग्रीकांच्या जालीनूसकडून म्हणजे गॅलेनकडून आलेली, नावच युनानी म्हणजे ग्रीक आहे.

उत्तररात्र:
रानजाई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर नऊशे वर्षांपूर्वी गझाली या सूफी विचारवंताने देऊन ठेवलंय आणि मला ते फार आवडतं म्हणून जरा लांबण लावतो. तो म्हणतो कल्ब या शब्दाचे दोन अर्थ आहेत, एक छातीत डाव्या बाजूला असलेला मांसाचा गोळा, तो वैद्यांचा विषय, तो जनावरांनाही असतो, आणि दुसरी ती सूक्ष्म ईश्वरी गोष्ट जी जाणते, जिला जाब विचारला जातो. रूहचंही तसंच. वैद्यांची रूह हृदयाच्या पोकळीतून निघून शिरांतून पसरते, घरात फिरवलेल्या दिव्याच्या उजेडासारखी. सूफी बोलतात ते दुसरीबद्दल. दोन्हींचं नातं आहे, पण शब्द एक म्हणून गोष्ट एक समजू नका, हे तो बजावून सांगतो.

आणि हे नातं त्याने स्वतःच्या अंगावर भोगलेलं आहे. १०९५ साली तो बगदादच्या निजामिया मदरशात शिकवत होता, तीनशे विद्यार्थी, मोठं नाव, आणि त्याला प्रश्न पडला की मी हे देवासाठी शिकवतोय की नावासाठी? जवळजवळ सहा महिने जाऊ की राहू असं चाललं आणि एक दिवस त्याची जीभच अडकली, शिकवायला बसला की शब्द फुटेना. मग अन्न पचेना, घोटभर पाणी उतरेना, घास गिळवेना. वैद्यांनी हात टेकले. पण काय म्हणाले बघा: हे हृदयात घडलेलं काहीतरी आहे आणि तिथून मिजाजमध्ये म्हणजे शरीराच्या प्रकृतीत उतरलंय, मनातली चिंता हटल्याशिवाय यावर इलाज नाही. म्हणजे निदान वैद्यांनीच केलं, आणि अगदी बरोबर केलं! त्याने नोकरी, पैसा सोडला, घरच्यांपुरतं ठेवून बाकीचं वाटून टाकलं, मक्केला जातो असं लोकांना सांगून दमास्कसला निघून गेला. पुन्हा शिकवायला उभा राहिला तो ११०६ मध्ये, निशापूरला. तुमच्या बाबांचं घास न गिळवणं वाचलं आणि मला हेच आठवलं.

वाटसरू:
नाडीचा विषय निघालाय म्हणून माझी भर. प्रेमाने आजारी पडलेला माणूस सांगत नसेल तर नाडीवर बोट ठेवून एकेक नाव घ्या, ज्या नावाला नाडी उसळेल तिथे दुखणं, हे इब्न सीनाने वैद्यकाच्याच ग्रंथात लिहिलंय, स्वतः करून पाहिलंय असंही म्हणतो. सूफी कवी रूमीने त्याच्या मसनवी या काव्यग्रंथातल्या पहिल्याच गोष्टीत ते घेतलंय, वैद्य आजारी दासीला शहरांची नावं विचारत जातो आणि समरकंद म्हटल्यावर नाडी उडते. पण रूमी तिथे थांबत नाही, तिचं ज्याच्यावर प्रेम असतं तो तिथला सोनार सापडतो, पण त्याचं रूप गेल्यावर तिचं प्रेमही ओसरतं, म्हणजे वैद्याने शोधलेलं दुखणं खरंच होतं पण त्याच्याही खाली आणखी एक होतं. हकीम आणि सूफी यांच्यात मला एवढाच फरक दिसतो.

रानजाई:
सगळ्यांचे मनापासून आभार. गझालीचं भावाला वाचून दाखवलं, तो गप्प ऐकत राहिला. बाबांना शुगर आहे, हे हकीमसाहेबांना कुणी सांगितलंच नव्हतं, म्हणून सध्या खमीरा बंद ठेवलाय आणि शुक्रवारी मी स्वतः बाबांबरोबर जाणार आहे. आज बाबा सहज बोलता बोलता म्हणाले की नाडी बघताना हकीमसाहेबांनी विचारलं होतं, दिवसभरात तुम्ही कुणाशी बोलता? आणि त्यांना एकही नाव सांगता आलं नाही.