विंडोज ११ : राइट-क्लिकचा जुना मेनू

विंडोज ११मध्ये राइट-क्लिक केलं की नवा, छोटा मेनू उघडतो आणि जुना पूर्ण मेनू 'शो मोअर ऑप्शन्स'मागे दडतो. दरवेळी ते दाबायचा वैताग येतो हे मान्य, पण त्याला इलाजच नाही असं कोणी म्हणत असेल, तर तसं नाही. शिफ्ट दाबून ठेवून राइट-क्लिक करा, जुना मेनू थेट उघडतो. माउस नको असेल तर फाइल निवडून शिफ्ट+एफ१०. रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्ज जिथे साठवलेल्या असतात तिथे) हात घालायची गरज नाही.

सेव्हन-झिप (फाइल झिप करणारा प्रोग्राम) यासारखी नावं नव्या मेनूत दिसत नाहीत, कारण नव्या पद्धतीने नोंदणी केलेल्या प्रोग्रामनाच तिथे जागा मिळते. तेवढं समजू शकतो. पण नव्या मेनूतली कट-कॉपीच्या चिन्हांची पट्टी पॉइंटरच्या जागेनुसार कधी वर, कधी खाली? हाताला सवय लागणार कशी! त्या चिन्हांखाली नावं यायलाही विंडोज ११ची २०२४मधली २४एच२ ही आवृत्ती उजाडावी लागली.