पाचवीच्या वर्गाला पानगळीत टेकडीवर न्यावे का?

विचारणा (वर्गशिक्षिका)
मी भोर तालुक्यातील एका प्राथमिक शाळेत पाचवीला शिकवते. फेब्रुवारीच्या अखेरीस ३४ मुलांना घेऊन शाळेमागच्या टेकडीवर परिसर अभ्यासाचे दोन तास घ्यावेत, असा विचार आहे. गेल्या वर्षीच्या फेरीत मुले झाडांची नावे वहीत उतरवत राहिली आणि झाडांकडे कोणी पाहिलेच नाही. शिवाय सध्या बरीच झाडे निष्पर्ण आहेत. तेव्हा आताच जावे की पावसाळ्यापर्यंत थांबावे?

उत्तर १ (निवृत्त विज्ञान शिक्षक)
ताई, थांबू नये. पळस, पांगारा आणि काटेसावर ही झाडे याच सुमारास पाने गाळून फुलतात, त्यामुळे फुले लांबून दिसतात आणि त्यांवर येणारे पाखरूही पानांआड लपत नाही. संपूर्ण टेकडी दाखवण्याऐवजी फुललेली एकच सावर निवडावी, सकाळी आठच्या आत तिच्यापासून थोड्या अंतरावर मुलांना बसवावे आणि पंधरा मिनिटांत कोण कोण आले एवढेच मोजायला सांगावे. साळुंकी, बुलबुल, कोतवाल, भोरड्या, खार असे बरेच पाहुणे येतात. नाव ठाऊक नसल्यास ‘काळा, दुभंगलेल्या शेपटीचा’ एवढी नोंद पुरे. नंतर गळून पडलेले एकेक फूल जोडीजोडीला द्यावे; पाच जाड पाकळ्या आणि केसरांचा झुबका हाताळून बोटे परागाने माखली, की मध पिणाऱ्या पक्ष्याच्या डोक्याला काय लागत असेल हे मुलेच सांगतात.

उत्तर २ (एक पालक)
आदल्या दिवशी आपण स्वतः जाऊन यावे. सावरीवर आग्या मोहोळ असेल तर ते झाड सोडून द्यावे; दगड, धूर आणि अत्तर यांना सक्त मनाई असावी. दुसरी भीती खाजकुइलीची. तिच्या वाळलेल्या शेंगांवरील कूस अंगाला लागल्यास मुले खाजवत सुटतात, म्हणून तो वेल कुंपणावर कुठे आहे हे आधी हेरून ठेवावे आणि मुलांना पूर्ण बाह्यांचे कपडे घालायला सांगावे.

उत्तर ३ (वर्गशिक्षक)
पाचवीचा वर्ग पंधरा मिनिटे गप्प बसेल, ही सरांची अपेक्षा मला जरा उदार वाटते. माझ्या वर्गात सातव्या मिनिटालाच चुळबुळ सुरू झाली होती. त्यामुळे निम्मी मुले पाखरे मोजत असताना उरलेल्यांना पळसाखाली पाठवावे. ‘पळसाला पाने तीनच’ हे सर्वांना पाठ असते, परंतु फुललेल्या पळसावर पाने जवळजवळ नसतातच, म्हणून ती पाचोळ्यात शोधावी लागतात. पांगाऱ्यालाही पर्णिका तीनच असतात, हे लक्षात आल्यावर दोन्हींतला फरक ओळखण्यावरून मुलांत वाद होतो, आणि तो शिक्षकांनी लगेच मिटवू नये.

वर्गशिक्षिका
सर्वांची आभारी आहे. आज संध्याकाळी टेकडीवर जाऊन आले. ओढ्याकाठच्या सावरीला दोन पोळी लटकलेली दिसली, त्यामुळे बांधावरचा पळस निश्चित केला आहे आणि गुरुवारी सकाळी साडेसातला निघणार आहोत. वह्या मात्र वर्गातच ठेवू.