पितृपक्षाशी साम्य आहे, पण अर्धंच

दिया दे मुएर्तोस हा मेक्सिकोत गेलेल्यांच्या आठवणीचा सण. ‘तो म्हणजे मेक्सिकोचा पितृपक्ष’ असं म्हणतात, ते अर्धंच पटतं. गेलेल्यांच्या आवडीचं रांधून ठेवणं दोन्हीकडे आहे. पण आपल्याकडे श्राद्धाचा दिवस तिथीवरून ठरतो, तिथे वयावरून: १ नोव्हेंबर लहानपणी गेलेल्या मुलांचा, २ नोव्हेंबर मोठ्यांचा. म्हणून बऱ्याच घरांत मुलांसाठी आधी खेळणी आणि गोड पदार्थ मांडतात, मोठ्यांचं तिखट जेवण आणि मद्य नंतर.

गेलेल्यांचे फोटो ठेवून घरात जी मांडणी करतात, ती या तुलनेत राहूनच जाते, आणि खरा अर्थ तर तिथेच आहे. फोटोजवळ पेलाभर पाणी, कारण आत्मा लांबून तहानलेला येतो, शुद्धीसाठी मीठ, मेणबत्त्या आणि कोपाल नावाच्या राळेचा धूप. आत्मा जेवणाचा फक्त वास घेतो अशी समजूत आहे, त्यामुळे पदार्थ घमघमीत हवेत. दारापासून मांडणीपर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट घालतात, रंगाच्या आणि वासाच्या खुणेवर आत्मा घर शोधतो म्हणून. पाकळ्या फार आधी सुट्या केल्या तर सुकून वास उडतो, मग वाटेचा उपयोगच काय! हा झेंडू मूळचा तिकडचाच. आपल्या दसऱ्याच्या तोरणात तो खूप नंतर आला.