उदगीरचे कावळे अन गोरेवाड्याचे वाघ, व्हायरस एकच होता हे कसं कळणार?

उदगीरकर
२०२५ च्या जानेवारीत आमच्या उदगीरात कावळे पटापट मरून पडले, भोपाळच्या लॅबनं बर्ड फ्लू सांगितला. त्याच्या आधी डिसेंबरात नागपूरला गोरेवाड्यात ३ वाघ अन १ बिबट्या गेला, तेबी बर्ड फ्लूच्या एच५एन१ व्हायरसनंच. आमच्या कट्ट्यावर एकजण अजून ठासून सांगायलाय की नागपूरहूनच इकडं आला, दुसरा म्हणतो जीनोम सिक्वेन्सिंग केलं की सगळा पत्ता लागतो. खरंच लागतो का राव?

परभणी_व्हेट
लागतो, पण सगळा नाही. पीसीआर चाचणी फक्त व्हायरस आहे का नाही एवढंच सांगतं. सिक्वेन्सिंगमधे व्हायरसचा आरएनए, म्हणजे त्याची अख्खी जनुकीय माहिती (जीनोम), अक्षर न अक्षर वाचतात, फ्लूचे त्यात ८ तुकडे. हा व्हायरस स्वतःची नक्कल काढताना सारखा चुकतो अन त्या चुका पुढच्या पिढीत जातात. दहावीच्या पेपरात दोघांची सेम चूक सापडली की कॉपी झाली हे पक्कं, पण कुणी कुणाची मारली ते त्या दोन पेपरवरून नाही कळत, तसंच हे. मधल्या गावांतले, मधल्या तारखांचे नमुनेच नसतील तर नागपूर ते उदगीर अशी सरळ रेघ ओढणं म्हणजे गप्पा.

कुक्कुटपालक_अंबाजोगाई
हे सगळं ठीक हो डॉक्टर, पण आम्हाला काय त्याचं? २०२१ ला परभणीच्या मुरुंब्यात कोंबड्या मेल्या अन इकडं आमच्यात एकही मेली नसताना गिऱ्हाईक पळालं, भाव पार बसला. सिक्वेन्सिंगनं भाव येणार का वापस?

परभणी_व्हेट
भाव नाही येणार दादा. पण व्हायरस जंगली पक्ष्यांतून परत परत येऊलाय का एका फार्मवरून दुसऱ्या फार्मवर चाललाय हे त्यातनं कळू शकतं, अन दोन्हीचा बंदोबस्त येगळा. २०२३ ला अर्जेंटिनाच्या किनाऱ्यावर एलिफंट सीलची हजारोंनी पिल्लं मेली, तिथं सिक्वेन्स बघूनच लक्षात आलं की हा नुसता पक्ष्यांकडून येत नाही, समुद्रातल्या सस्तन प्राण्यांतच एकमेकांत फिरायलाय. आपल्याकडं २०१८ ला गीरचे सिंह मेले तेव्हा पुण्याच्या एनआयव्हीनं (राष्ट्रीय विषाणू संस्था) डिस्टेंपरचा, म्हणजे कुत्र्यांतबी होणाऱ्या एका दुसऱ्या रोगाच्या व्हायरसचा, जीनोम वाचला, तो पूर्व आफ्रिकेतल्या त्याच व्हायरसच्या स्ट्रेनच्या (वाणाच्या) जवळचा निघाला.

उदगीरकर
मग आता कावळा मेलेला दिसला तर उचलून दवाखान्यात नेऊ का?

परभणी_व्हेट
अजिबात हात लावू नका! पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन करा अन तोवर कुत्री-मांजरं, लेकरं लांब ठेवा. पण फोन लगेच करा, उद्या बघू म्हणू नका. आपल्या उन्हात दोन दिवस पडलेल्या कावळ्यात आरएनएचे तुकडे तुकडे होतात, पीसीआर कधी कधी तरी पॉझिटिव्ह येतं पण अख्खा जीनोम काही निघत नाही. ताज्या पक्ष्याच्या घशातला अन गुदद्वारातला स्वॅब घेऊन बर्फात घालून पाठवला तर काम होतं. निम्मे नमुने तर मला वाटतं वाटेतच वाया जातात, मशीनला कोण काय करणार.