लाँग वीकेंडला नागपूर : तीन दिवस शहराचे, की एक रात्र पेंचच्या वाटेवरची?

धंतोलीकर
पुण्या-मुंबईकडची मंडळी नागपूर टाळतात. आली तरी स्टेशनवरून गाडी करून थेट पेंच नाहीतर ताडोबा. शहर गाडीच्या काचेतून दिसेल तेवढंच. माझं मत उलटं आहे. शनिवार, रविवार, सोमवार जोडून मिळाले तर जंगल वगळा आणि तिन्ही दिवस शहराला द्या.

मुक्काम मात्र सीताबर्डी किंवा रामदासपेठेतच हवा. मेट्रोच्या दोन्ही लाइनी सीताबर्डीला एकमेकींना छेदतात: खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक उत्तर-दक्षिण, लोकमान्य नगर ते प्रजापती नगर पूर्व-पश्चिम. विमानतळाजवळ हॉटेल घेऊन फायदा नाही. मेट्रोचं एअरपोर्ट स्टेशनसुद्धा टर्मिनलच्या दारात सोडत नाही, मध्ये रिक्षा करावीच लागते.

पहिली सकाळ सिव्हिल लाइन्स, पायी. झिरो माइलचा खांब आणि चार घोडे, विधानभवन, अजब बंगला (मध्यवर्ती संग्रहालय), हायकोर्टाची इमारत. 'भारताचा मध्यबिंदू' म्हणून लोक खांबाशी फोटो काढून निघतात. तो दगड मुळात ब्रिटिशांच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा आहे. त्यावर गावांची नावं आणि अंतरं कोरलीत, ती दोन मिनिटं उभं राहून वाचा. अजब बंगला १८६३ चा, आणि सोमवारी बंद. लाँग वीकेंडचा तिसरा दिवस बहुधा सोमवारच असतो, तेव्हा तो शनिवारीच उरका. दुपारनंतर दीक्षाभूमी. राहाटे कॉलनी स्टेशनवरून दीड-एक किलोमीटर. दसऱ्याच्या आसपास येत असाल तर तिथं लाखोंचा समुदाय असतो, तेव्हा 'पर्यटन' हा शब्द गावाबाहेर ठेवून या.

दुसरा दिवस महाल-इतवारी, तिसरा अंबाझरी आणि फुटाळा हे तलाव आणि कामठीचं ड्रॅगन पॅलेस हे बौद्ध मंदिर.

इतवारीवाला
भाऊ, हे तुम्ही धंतोलीत बसून लिहून राहिले. दुसरा दिवस म्हणजे रविवार. रविवारी इतवारी-गांधीबागची बहुतेक घाऊक दुकानं बंद. पाहुणा येऊन काय पाहील, शटरं? महाल-इतवारी पाहायची तर शनिवारी सकाळी. चितार ओळी चौकात मेट्रोनं उतरा, गणपतीच्या आधीचे दोन महिने असतील तर मूर्तिकारांच्या ओळीत तासभर सहज जातो, मग गांधी गेट, म्हणजे जुना जुम्मा दरवाजा, आणि आतला महाल. चारचाकी नेऊ नका. गल्लीत समोरून हातठेला आला की कोण मागं घेणार यावर अर्धा तास जातो.

आणि खरं सांगायचं तर नागपूर स्थळांचं गाव नाहीच. तिथी पाहून यायचं गाव आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, काळी आणि पिवळी मारबत (बाईच्या रूपातले मोठे पुतळे) निघते, मागं बडगे, महागाईपासून पुढाऱ्यापर्यंत ज्याचा राग असंन त्याचा पुतळा. 'घेऊन जा गे मारबत' ही आरोळी एकदा ऐकली की म्युझियम फिकं पडते. दोन्ही मारबती भेटतात त्या चौकात मात्र उभं राहू नका, लेकरं चेंगरतात. मिरवणुकीच्या वाटेवर आधीच्या एखाद्या गल्लीच्या तोंडाशी ओटा पकडा. बाकी कोणत्याही तारखेला तीन दिवस म्हणजे जास्तच होते.

कोथरूड_व्हाया_बडनेरा
दोघांचंही अंतराचं गणित कच्चं आहे. पुण्याहून नागपूरच्या अजनी स्टेशनची वंदे भारत घेतली तरी साधारण बारा तास, म्हणजे एक अख्खा दिवस खुर्चीत. रात्रीच्या गाडीचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि जोडून सुट्टी असली की लगेच वेटिंगवर जातं. मुंबईहून आलात तर एकटा समृद्धी महामार्गच ७०१ किलोमीटर, कारला वेगमर्यादा १२०, दुचाकीला बंदी. सरळ, रिकामा, झोप आणणारा रस्ता. टायरमध्ये हवा कमी ठेवून भर दुपारी सलग पळवली की टायर फुटायला निमित्त मिळतं. हवा गार टायरमध्ये कंपनीच्या आकड्याइतकीच भरा आणि दोन तासांनी थांबाच.

एवढं करून हाती उरतात दोन दिवस. ते विधानभवनाच्या भिंती बघण्यात का घालवायचे? पेंचचं सिल्लारी गेट ७० किलोमीटरवर आहे. जंगलच करा.

बर्डीचा_किल्ला
सिल्लारी जरूर करा, पण १५ ऑगस्टच्या वीकेंडला करून दाखवा. जुलै ते सप्टेंबर कोअर, म्हणजे आतलं मुख्य जंगल, बंद असतं. आणि नेमकं तेव्हाच शहरातली सर्वांत बंद जागा उघडते: सीताबर्डीचा किल्ला. तो लष्कराच्या ताब्यात आहे. सामान्यांना आत जाता येतं ते २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट या तीन दिवशी. नोव्हेंबर १८१७ मध्ये अप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि इंग्रज इथं भिडले, त्या लढाईतल्या इंग्रजांच्या कबरी आत आहेत. वरून एका बाजूला रेल्वे स्टेशन, दुसरीकडे बर्डीचा बाजार.

जाताना ओळखपत्र हवं, सामान हॉटेलवर ठेवा, कॅमेऱ्याबद्दल गेटवर विचारा, आणि सकाळीच रांगेत लागा. उशीर झाला की रांग टेकडी उतरून खाली येते. तिन्ही तारखांत २६ जानेवारी सरस. १ मे शुक्रवारी आला की लोक मोहात पडतात. पारा ४२-४३ च्या पुढे असतो आणि किल्ल्याच्या उतारावर सावली नाही.

रामनगरची_ताई
खाण्यावर कोणी बोललंच नाही, आणि पाहुणे सर्वांत जास्त फसतात ते तिथेच.

तर्री पोहा, म्हणजे हरभऱ्याच्या तिखट रश्श्यातले पोहे, सकाळचा. दहा-साडेदहानंतर तळाची तर्री मिळते, हरभरे संपलेले असतात. आधी पोह्यावर थोडीच घ्या, मग मागा, पुन्हा वाढतात.

सावजी हलबा कोष्टी विणकरांच्या घरातून आलेलं जेवण आहे. कांदा, सुकं खोबरं, खसखस, दगडफूल काळसर होईपर्यंत भाजतात, म्हणून रस्सा काळा. जळला तर कडू, कमी भाजला तर नुसता तिखट. पूर्वी जवसाचं तेल असायचं. त्याचा तिखटपणा पहिल्या घासाला कळत नाही, पाचव्या-सहाव्या घासाला कळतो, आणि तोवर माणसानं दुसरी वाटी मागवलेली असते. पाण्यानं आग वाढते. भात, लिंबू, कच्चा कांदा घ्या. तर्री वेगळी मागवा. मांसाहार नसेल तर पाटवडी रस्सा किंवा डाळकांदा. आणि परतीच्या रात्रीच्या गाडीआधी सावजी अजिबात नको, वरच्या बर्थवरून किती वेळा उतरणार?

धंतोलीकरांशी माझा वाद वेगळाच आहे. इथलं चांगलं जेवण हॉटेलात कमीच आहे. गोळाभात घ्या: भरड डाळीचे गोळे भातावर वाफवायचे, वाढताना वरून लसूण-मिरचीची कडकडीत फोडणी, सोबत कढी. हे घरी मिळतं. ओळखीचं घर नसेल तर तीन दिवसांत नागपूरचं अर्धंच जेवण पानात पडतं.

काटोलचा_बगीचा
संत्र्यांचं पण ऐका. फळाचे हंगाम दोन: आंबिया बहार ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर, मृग बहार फेब्रुवारी-मार्च. १५ ऑगस्टवाल्यांना संत्रा बर्फीवर भागवावं लागेल. घेताना रंग पाहू नका, हातात तोला. साल सैल पाहिजे, पण फळ वजनदार. दाबलं की पोकळ लागते ते आतून कोरडं.

धंतोलीकर
ताईंचं मान्य. कोथरूडवाल्यांचं नाही, जंगलाला जाणारा माणूस पहाटे उठून जिप्सीत बसतो, त्याला शहराबद्दल मत असायचा हक्कच नाही. हवामान पाहता डिसेंबर उत्तम.

इतवारीवाला
डिसेंबर! बावा, हिवाळी अधिवेशन कोण विसरते? १९५३ च्या नागपूर करारातूनच ते आलं. सिव्हिल लाइन्स, रामदासपेठेतल्या खोल्या आमदार, अधिकारी, पीए लोकांनी भरलेल्या, भाव वाढलेले, मोर्च्यांसाठी रस्ते बांबू लावून बंद. तुमची झिरो माइलची पायी सैर तिथंच संपते.

धंतोलीकर
अधिवेशनाच्या तारखा आधी जाहीर होतात, त्या टाळा. मोर्चे बहुतांशी कामकाजाच्या दिवशी असतात. शनिवार-रविवारी मंत्रीही गावी जातात.

पण तिसरा दिवस मी बदलतो. ड्रॅगन पॅलेस आणि फुटाळा एका संध्याकाळीत बसवू नका, दोन्ही टोकं आहेत. त्याऐवजी रामटेक, ५० किलोमीटर. गणेशपेठ बसस्थानकावरून एसटी. गडावर गाडी जाते, पण अंबाळा तलावाकडून पायऱ्यांनी चढा, हातात पिशवी उघडी दिसू देऊ नका, माकडं ओढतात. वरच्या राममंदिराकडे जायच्या घाईत लोक केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह ही दोन देवळं ओलांडून जातात. ती वाकाटकांच्या काळातली, पाचव्या शतकातली. गडावरच्या बाकी सगळ्यापेक्षा जुनी. आत शेंदरी रंगाची प्रचंड बैठी मूर्ती आहे. उतरताना मनसरचं उत्खनन, विटांचे थर उघडे आहेत.

कोथरूड_व्हाया_बडनेरा
म्हणजे तिसरा दिवस शहराबाहेरच काढलात. मनसरहून पेंच त्याच रस्त्यावर पुढं आहे.

इतवारीवाला
हेच तर म्हणून राहिलो. दोन दिवस शहराचे, त्यातला शनिवार आमच्याकडे.

धंतोलीकर
दोनवर थांबायला हरकत नाही, पेंचवर आहे. रामटेकहून संध्याकाळी पाचच्या आत निघा, कामठी रोडला अडकायला होतं. रात्रीची गाडी असेल तर सामान सकाळीच स्टेशनच्या क्लोक रूममध्ये ठेवा. त्यांना बॅगेला कुलूप लागतं.