वार्षिक शस्त्रक्रिया परिषदेचा वैज्ञानिक कार्यक्रम आखताना वेळ नेमका कशाला द्यावा?

प्रश्न (वैज्ञानिक समितीचा नवा सचिव):

नमस्कार. पोटाच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या शल्यचिकित्सकांच्या आमच्या संघटनेची वार्षिक परिषद अडीच दिवसांची असते. या वर्षी तिच्या वैज्ञानिक समितीची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. सभागृहे तीन आहेत आणि सादरीकरणासाठी 240 सारांश आले आहेत. आजवर श्रोत्यांत बसताना एक गोष्ट मला सतत खटकत आली आहे. सत्रातले पहिले दोन वक्ते वेळ ओलांडतात, सत्राध्यक्ष भिडेखातर त्यांना थांबवत नाहीत आणि शेवटचा निबंध येईपर्यंत जेवणाची वेळ झालेली असते. मग ज्या निवासी डॉक्टरने वर्षभर रुग्णांच्या नोंदी तपासून तो निबंध तयार केला, त्याला अर्धे दालन रिकामे असताना दोन मिनिटांत आटपायला सांगितले जाते. प्रश्न विचारायला कोणीच उरत नाही.

हे टाळण्यासाठी किती निबंध तोंडी सादरीकरणाला घ्यावेत? थेट प्रक्षेपित शस्त्रक्रिया ठेवाव्यात, असा ज्येष्ठ सदस्यांचा आग्रह आहे, पण माझे मन त्याला तयार होत नाही. शिवाय, गुंतागुंतींवर स्वतंत्र सत्र ठेवले तर स्वतःच्या चुका सांगायला कोणी पुढे येईल का, हीही शंका आहे. ज्यांनी हे काम केले आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर 1 (तीन परिषदांच्या कार्यक्रमाचे काम पाहिलेला सदस्य):

सर, सर्वांत आधी कागदावर मिनिटांचा हिशेब मांडा, कारण तो न मांडताच आपण सगळ्यांना होकार देऊन बसतो. सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेपाच या नऊ तासांतून जेवणाचा एक तास आणि चहाची दोन अर्ध्या तासांची मध्यंतरे वजा केली की सात तास उरतात. अडीच दिवसांचे झाले साडेसतरा तास, म्हणजे 1050 मिनिटे. सहा मिनिटे मांडणी आणि चार मिनिटे चर्चा असे धरले, तर एका सभागृहात उद्घाटन, व्याख्याने, परिसंवाद यांतले काहीही न ठेवता जेमतेम 105 निबंध बसतात. तिन्ही सभागृहे पूर्ण भरली तर 240 निबंध बसतील खरे, पण मग श्रोते तीन ठिकाणी विभागले जातात आणि प्रत्येक दालनात पुढच्या दोन रांगांत फक्त त्या सत्राचे वक्तेच बसलेले दिसतात.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे: तोंडी सादरीकरणाला साठ-सत्तरच निबंध घ्या आणि उरलेल्यांतले चांगले निबंध पोस्टरसाठी निवडा, मात्र पोस्टरच्या वेळी दुसरे कोणतेही सत्र ठेवू नका, नाहीतर पोस्टरला जागा मिळते पण वाचक मिळत नाहीत. नव्वद मिनिटांच्या सत्रात आठच निबंध ठेवा, म्हणजे दहा मिनिटे हाताशी राहतात. चर्चेची चार मिनिटे कार्यक्रमपत्रिकेत स्वतंत्र छापा. ती छापलेली असली की सत्राध्यक्षाला वक्त्याला थांबवताना संकोच वाटत नाही, कारण तो स्वतःच्या मर्जीने नव्हे, तर पत्रिकेप्रमाणे थांबवत असतो.

उत्तर 2 (सारांशांचे परीक्षण करणारी सदस्य):

वरील हिशेब मला मान्य आहे, पण ते साठ-सत्तर निबंध निवडायचे कसे, याकडे तितकेच लक्ष द्यायला हवे. परीक्षकांना लेखकाचे आणि रुग्णालयाचे नाव दिसता कामा नये, हे बहुतेकांना ठाऊक असते. त्यापुढची अडचण मात्र सरासरीत लपलेली असते. एका परीक्षकाने दहापैकी नऊ आणि दुसऱ्याने तीन गुण दिले, तर सरासरी सहा येते. दोघांनीही सहा-सहा दिले तरी ती सहाच येते. हे दोन निबंध एकसारखे नसतात. ज्यावर परीक्षकांचे टोकाचे मतभेद आहेत असे सारांश वेगळे काढून समितीने एकत्र बसून वाचावेत, असा माझा आग्रह राहील, कारण खरोखर नवे काम बहुधा तिथेच सापडते.

एरिच म्यूहे यांचे उदाहरण आठवावे. त्यांनी 12 सप्टेंबर 1985 रोजी जर्मनीत दुर्बिणीतून पित्ताशय काढले आणि 1986 मध्ये जर्मन शल्यचिकित्सकांच्या परिषदेत ते मांडले. तेव्हा त्यांच्या वाट्याला मुख्यतः अविश्वासच आला. त्याच संघटनेने 1992 मध्ये त्यांचा मोठा सन्मान केला, पण तोवर ही पद्धत सर्वत्र पसरली होती. त्यांना व्यासपीठ नाकारले गेले नव्हते, हे इथे महत्त्वाचे आहे. अशा निबंधाला वेळ देऊन भागत नाही. विरोधी मत असलेला पण निबंध आधी नीट वाचलेला एक चर्चक नेमावा लागतो, म्हणजे आक्षेप नेमके येतात आणि वक्त्याला नेमके उत्तर देता येते.

उत्तर 3 (ज्येष्ठ शल्यचिकित्सक):

थेट शस्त्रक्रियेबाबत तुमचे मन तयार होत नाही, ते योग्यच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 साली आणलेल्या शस्त्रक्रिया सुरक्षा यादीत, छेद घेण्यापूर्वी चमूतील प्रत्येकाने आपले नाव आणि भूमिका सांगावी, अशी एक साधी बाब आहे. अनोळखी चमूत एकमेकांना वेळेवर सावध करणे अवघड जाते, म्हणून ती ठेवली आहे. पाहुणा शल्यचिकित्सक परक्या शस्त्रक्रियागृहात, परक्या परिचारिका आणि भूलतज्ज्ञांबरोबर, शिवाय सभागृहातून येणाऱ्या प्रश्नांना उत्तरे देत काम करतो, तेव्हा आपण नेमकी तीच अडचण हाताने निर्माण करत असतो. युरोपीय मूत्ररोग संघटनेने थेट शस्त्रक्रियांसाठी 2014 मध्ये धोरण प्रसिद्ध केले, त्यात रुग्णाची बाजू पाहणारा स्वतंत्र डॉक्टर नेमण्याची तरतूद आहे. तशी व्यवस्था तुमच्याकडे नसेल, तर शस्त्रक्रिया आपापल्या रुग्णालयात आधी चित्रित करून घ्या आणि शल्यचिकित्सकाला सभागृहात बसवून ती दाखवा. अवघड टप्प्यावर चित्र थांबवता येते, मागे नेता येते, आणि पलीकडे टेबलावर कोणी रुग्ण खोळंबलेला नसतो.

गुंतागुंतींच्या सत्राला माणसे नक्की पुढे येतात. मात्र पहिले प्रकरण अध्यक्षांनी किंवा तितक्याच ज्येष्ठ व्यक्तीने स्वतःचे मांडावे लागते. मी एकदा दुर्बिणीतून पित्ताशय काढताना पित्तनलिकेला झालेल्या इजेचे माझे स्वतःचे चित्रण दाखवले होते. शल्यचिकित्सक स्ट्रासबर्ग यांनी 1995 मध्ये मांडलेल्या निकषांप्रमाणे पित्ताशय आणि यकृत यांमधल्या त्रिकोणी जागेतली चरबी आणि तंतू साफ केलेले हवेत, पित्ताशयाचा खालचा भाग यकृतापासून सुटा केलेला हवा आणि पित्ताशयात जाणाऱ्या दोनच रचना दिसायला हव्यात, मगच क्लिप लावावी. माझ्या चित्रणात दुसरा निकष पुरा झालेला नव्हता. क्लिप लावण्याच्या क्षणाआधी मी चित्र थांबवले आणि 'इथे काय दिसत नाही?' एवढेच विचारले. सभागृह बराच वेळ गप्प होते. मग मागच्या रांगेतल्या एका निवासी डॉक्टरने बरोबर उत्तर दिले. त्या सत्राची चर्चा चहाच्या वेळेतही चालू राहिली. रुग्णाची ओळख पटेल असे काहीही पडद्यावर येणार नाही, याची खात्री मात्र समितीने आधी स्वतः चित्रण पाहून करावी.

प्रश्नकर्ता:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. थेट प्रक्षेपणाऐवजी चित्रित शस्त्रक्रियांचा प्रस्ताव मी येत्या बैठकीत मांडतो. 64 तोंडी निबंध, म्हणजे आठ-आठ निबंधांची आठ सत्रे, असा आराखडा केला आहे. गुंतागुंतींचे सत्र शेवटच्या अर्ध्या दिवशी ठेवले तर चालेल का?

उत्तर 3 (ज्येष्ठ शल्यचिकित्सक):

शेवटच्या दिवशी अनेक जण परतीच्या तयारीत असतात, म्हणून तिथे ठेवू नका. पहिल्या दिवशी चहानंतर ठेवा आणि त्या वेळी बाकीची दोन्ही सभागृहे बंद ठेवा.